सारस आमचा राहिला

५ ऑक्टोबर २०१०

पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा जोलीनने ही वही दिली होती. म्हणाली, "आई, तुझा सगळा राग बाबांवर निघतो. थोडा इथे काढत जा." तेव्हा तिचाच राग आला होता. आज तिचा बाप, लेन, शाळेच्या बसचं तेल बदलायला गेलाय, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून वही उघडली.

शाळा मंडळाच्या बैठकीला राज्याचा माणूस आला होता. तरुण, कडक इस्त्री, आमच्या गावाचं नावसुद्धा कागदात बघून घेणारा. वाचनालयात पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सहाजण गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो आणि तो उभा. म्हणाला, प्लम बेंडमध्ये पोरं उरलेली नाहीत. खोटं कसं म्हणू? यंदा बारावीत नऊजण आहेत. गणिताला मास्तर मिळत नाही. तेव्हा शेजारच्या मॅडॉकच्या शाळा-जिल्ह्यात विलीन व्हा, नाहीतर कर इतका वाढेल की उरलेली माणसंही निघून जातील.

नियम त्याने सांगितले ते असे. दोन्ही मंडळांनी बसून करार लिहायचा. मग दोन्ही गावांनी वेगवेगळं मतदान करायचं, दोन्हीकडून हो आलं तरच एक व्हायचं. करारात कुठली इमारत कशाला वापरायची, नव्या मंडळावर किती जण आणि ते कसे निवडायचे, "आणि शाळेचं नाव वगैरे."

"वगैरे म्हणजे?" डुएन प्रोहास्का गुरगुरला. टायरचं दुकान आहे त्याचं, आणि शाळेत असताना आमच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता हे तो अजून रोज कुणाला तरी सांगतो. "सारस वगैरेत येतो का रे तुझ्या?"

त्या पोराला सारस म्हणजे काय तेच कळलं नाही. आमच्या शाळेचं चिन्ह, दुसरं काय! अंगणातल्या टपालपेट्यांवरही सारस रंगवलेला असतो.

मी अध्यक्ष. कुणी तयार नव्हतं म्हणून झाले, आता जो तो म्हणेल अर्डिथ कुबिकने शाळा विकली. मोठी पोरं मॅडॉकला जाणार हे मी मनाशी मान्य केलंय. मला एकच गोष्ट हवी आहे. पहिली ते सहावीची शाळा प्लम बेंडमध्ये राहिली पाहिजे. जोलीन तिथे पहिली-दुसरीला शिकवते, नात टेसा तिच्याच वर्गात बसते. संसार मोडून ओमाहाहून आली तेव्हा पोरगी पाच किलो उतरली होती, आणि ती नोकरी मिळाली म्हणूनच इथे टिकली. शाळा गेली तर दोघी जातील. हे मंडळात बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

२१ ऑक्टोबर

व्यायामशाळेत गावसभा झाली. उभं राहायला जागा नव्हती. चर्चला नाताळलासुद्धा इतके येत नाहीत.

तीन तास सारसावर गेले. मॅडॉकवाल्यांचा तो गवा, ते तांबडे शर्ट, आपल्या नातवंडांनी घालायचे? एक म्हातारी रडली. डुएनने आपला जुना निळा कोट घालून भाषण केलं. कोटाची बटणं लागत नव्हती पण टाळ्या पडल्या. मलाही भरून आलं, का नाही येणार? सारसाचा पोशाख मी शिवलाय. पांढऱ्या चादरीची पिसं एकेक कापून लावली आणि चोच लेनने बसच्या तेलाच्या नरसाळ्याची केली.

मधेच जोलीन उठली. "नव्या मंडळावर आपले किती असणार? आणि त्यांना निवडणार कोण, आपण की मॅडॉक?"

सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. मग मागून कुणीतरी विचारलं की बँडचे गणवेश कोणत्या रंगाचे असतील, आणि सभा परत सुरू झाली. माझ्या पोटच्या पोरीने भर सभेत मला पेचात टाकलं. घरी येताना मी तिच्याशी बोलले नाही.

१२ नोव्हेंबर

मॅडॉकच्या लुथरन चर्चच्या तळघरात पहिली बैठक झाली. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल होता, म्हणजे आपल्यासारखंच जेवतात म्हणायचे. रोल मात्र कोरडा.

त्यांचा अध्यक्ष वेन्डेल ओस्ट्रेम, गुरांचा डॉक्टर. मी भांडायच्या तयारीने गेले होते, आणि हा माणूस मऊ लोणी. आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. गाई याच्यापुढे का उभ्या राहतात ते कळलं.

"नावात प्लम बेंड आधी येईल," मी म्हणाले.

"का नाही? ऐकायला बरं वाटतं," तो म्हणाला.

परत येताना डुएन गाडीत हसत होता. "अगं, हा तर मेंढा निघाला! अर्डिथ, याला आपण सोलून खाऊ."

९ डिसेंबर

आज सगळं ठरलं. मी अजून तरंगतेय.

प्राथमिक शाळा दोन्ही गावांत चालवायची हे त्यांनी मान्य केलं. मंडळाला योग्य वाटेल तोवर, असं राज्याच्या वकिलाने पुढे घातलं. वकील असलं काहीतरी घालतातच.

मग वेन्डेलने चष्मा पुसला. म्हणाला, "अर्डिथ, मी सरळ सांगतो. मंडळाच्या सहा जागा. पहिली सार्वत्रिक निवडणूक होईपर्यंत तीन तुमच्या आणि तीन आमच्या, यावर वाद नाही. पुढचं काय? वॉर्ड पाडले तर तीन प्लम बेंडच्या आणि तीन मॅडॉकच्या, कायमच्या. ते मी माझ्या लोकांच्या गळी उतरवीन. नाव, रंग आणि सारस, तेही उतरवीन. पण दोन्ही एकदम नाही गिळणार ते. एक तुम्ही निवडा."

"आणि वॉर्ड नसले तर?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"तर सहाही जागांना दोन्ही गावांनी मिळून मत द्यायचं."

डुएनने टेबलावर अशी थाप मारली की रोल उडाले. "सारस!" माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मला विचार करायला वेळच लागला नाही. व्यायामशाळेतली ती सगळी माणसं माझ्या डोळ्यांपुढे उभी होती, त्यातल्या एकानेही वॉर्ड मागितला नव्हता. आणि मिळून मत दिलं तर बिघडलं काय? तीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत बसले, मॅडॉकचं पोस्ट बंद होतं त्या हिवाळ्यात त्यांचं टपालसुद्धा मीच लावलं. मला तिथेही सगळे ओळखतात.

"सारस," मी म्हणाले.

वेन्डेलने चष्मा परत चढवला. "घरी जाऊन एकदा विचार करायचा आहे का?"

"नाही," मी म्हणाले. त्याला वाटलं असेल मी डगमगेन.

१० डिसेंबर

जोलीनला सांगितलं. वाटलं होतं मिठी मारेल. तिने हातातला कप खाली ठेवला.

"आई, मॅडॉकची मतं आपल्या दुप्पट आहेत."

"म्हणून काय झालं? माणसं माणूस बघून मत देतात."

"माणूस बघूनच देतात. ओळखीचा माणूस बघून."

"मी ओळखीचीच आहे!"

"तू जागा देऊन पक्षी घेतलास," ती म्हणाली आणि टेसाचा कोट घेऊन निघून गेली. लेन कोपऱ्यात बूट पुसत बसला होता. त्याला म्हटलं, तू तरी बोल काही. तो म्हणाला, "झालं ते झालं ना?" हे काय बोलणं झालं!

तिला गावाच्या मनाची कल्पना नाही. शहरात राहून आली आहे ना.

२२ जानेवारी २०११

शनिवार. जोलीन ओमाहाला दातांच्या डॉक्टरकडे गेली. अक्कलदाढ म्हणे. मॅडॉकमध्ये बरा दंतवैद्य असताना तीन तास गाडी हाकत कशाला जायचं? पण हल्ली तिला काही विचारायची सोय नाही. निळं जाकीट घातलं होतं, ते लग्नाकार्याचं. मी म्हटलं, दाढ दाखवायला जातेस की फोटो काढायला? हसली नाही.

संध्याकाळी आली तर गाल अजिबात सुजला नव्हता. नशीबवान.

१९ मार्च

सारस उतरलेत. नदीवर इतके आहेत की वाळू दिसत नाही. टेसाला घेऊन गेले होते. ती हात पसरून, मान वाकवून इतकी हुबेहूब नाचली की पुलावरची अनोळखी माणसं थांबून बघायला लागली. म्हणाली, "आजी, मोठी झाल्यावर त्या पोशाखात मी शिरणार."

"शिरशील ना. तुझ्या मापाचा करून देईन."

एवढ्यासाठीच मी त्या तळघरात बसले होते.

१० मे

अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये मतदान झालं. दोन्ही गावांतून हो आलं. आमच्याकडे तर भरभरून आलं. रस्त्यात लोक माझे हात धरत होते. "अर्डिथ, सारस वाचवलास!" मी गोड पावाचे कोलाचे वाटले, जर्दाळूचे आणि खसखशीचे. डुएनने गाडीचा भोंगा वाजवत गावाला तीन फेऱ्या मारल्या.

मत देऊन जोलीन लगेच घरी गेली. काय दिलं, मी विचारलं नाही.

२ सप्टेंबर

नव्या शाळेचा पहिला सामना झाला, मॅडॉकच्या मैदानावर. सगळी तांबडी माणसं निळी झालेली. पोरं सारसाच्या मागे धावत होती. वेन्डेलने निळी टोपी घातली होती, त्याला जरा मोठीच होत होती. मला बघून त्याने ती काढून नमस्कार केला. मनात म्हटलं, हरलेला माणूस असाच सभ्य असावा.

मोठ्या वर्गांच्या खोल्या बंद झाल्यापासून आपली शाळा जरा पोकळ वाटते. पण खालच्या मजल्यावर पहिलीच्या पोरांचा कलकलाट चालू आहे. मी रोज दूध पोचवायच्या निमित्ताने एक चक्कर मारते.

१४ जानेवारी २०१२

पुन्हा दाढ. तीच की दुसरी, विचारलं तर म्हणाली, "तीच. मुळं खोल आहेत."

ती निघाल्यावर गॅरेजमध्ये गेले. लेन बसच्या चाकाशी वाकला होता. म्हटलं, एवढा खर्च दातांवर, तू बाप म्हणून काही बोलशील का? तो म्हणाला, "करू दे तिला. तिचे दात आहेत." काल दोघं तिथेच बसून बोलत होती, मी गेले तशी गप्प झाली. माझ्या वाढदिवसाचं काही चाललं असावं.

१९ एप्रिल

वाढदिवस होऊन गेला. काही नव्हतं. लेनने नेहमीचं गुलाबी झाड आणलं.

२६ जुलै

मंडळात बॉयलरचा विषय निघाला. आपल्या शाळेचा बॉयलर माझ्या जन्माआधीचा आहे. नवा घालायचा की नाही यावर तीन-तीन मतं पडली, आमची तीन एका बाजूला, त्यांची तीन दुसऱ्या. विषय पुढे ढकलला. वेन्डेल म्हणाला, "नोव्हेंबरमध्ये निवडणूक आहे. नवं मंडळ ठरवेल, ते बरं."

मला ते पटलं. नव्या मंडळात मी असेनच.

१५ ऑक्टोबर

सहा जागा, नऊ उमेदवार. आमचे तिघं, त्यांचे सहा. आठवडाभर मॅडॉकमध्ये दारोदार फिरले. कोलाच्यांची ताटं घेऊन गेले होते. सगळ्यांनी आत बोलावलं, सगळ्यांनी खाल्ले, कृती विचारली. एका बाईने मुलाच्या लग्नाचे फोटो दाखवले. दार लावता लावता ती नवऱ्याला म्हणाली, "कुठली रे ही?" ऐकू आलं, पण तिची नजर अधू असावी.

दमले आहे. पाय सुजलेत. आत कुठेतरी बारीक भीती वाटते, ती इथे लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

७ नोव्हेंबर

सातवी आले.

वर मॅडॉकचे सहाच्या सहा. प्लम बेंडने मला भरभरून मतं दिली. मॅडॉकने प्रेमाने कोलाचे खाल्ले आणि आपापल्या शेजाऱ्यांना मतं दिली.

वेन्डेल घरी आला होता. टोपी हातात घेऊन पायरीवर उभा राहिला. "मी तुम्हाला मत दिलं, अर्डिथ. माझ्या बायकोनेही दिलं."

मी म्हटलं, आत ये, कॉफी घे. मॅडॉकच्या गाड्या वाटेत दिसल्या की मी तोंड फिरवते, पण घरी आलेल्याला कॉफी तर दिली पाहिजे. त्याने कप दोन्ही हातांत धरला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

डुएन नववा आला. दुकान उघडलं नाही त्याने.

१८ डिसेंबर

जोलीन आता भांडत नाही. तेच वाईट वाटतं. आज भांडी घासताना माझ्या खांद्यावर डोकं टेकलं तिने, लहानपणी टेकायची तसं. मी म्हटलं, मंडळावर नसलो म्हणून काय, करारात लिहिलंय ना शाळा चालवायची. ती म्हणाली, "हो, आई." इतक्या हळू म्हणाली की मला वेन्डेलची आठवण झाली.

११ मार्च २०१३



मंडळाची बैठक मॅडॉकला होती. आम्ही समोरच्या खुर्च्यांवर, जनता म्हणून. बोलायचं तर नाव नोंदवायचं, तीन मिनिटं मिळतात. ज्या टेबलाशी मी दीड वर्ष बसले त्याच्यापुढे हात जोडून उभं राहायला तीन मिनिटं.

वेन्डेलने ठराव वाचला. प्लम बेंडची प्राथमिक शाळा मे महिन्यात बंद. बॉयलर, छप्पर, पोरांची संख्या, सगळं खरं होतं. मोठ्याने वाचला असता तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं.

मी म्हणाले, "करारात लिहिलंय, दोन्ही गावांत शाळा चालेल."

"मंडळाला योग्य वाटेल तोवर," तो म्हणाला.

"अरे, पण मंडळात आमचं कोण आहे?"

माझ्या मागे अख्खं प्लम बेंड बसलं होतं, निळे कोट घालून. मग वेन्डेलने चष्मा काढला.

"अर्डिथ, मी दोन्ही तुमच्यापुढे ठेवलं होतं. तीन जागा मी देत होतो. खरंच देत होतो. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, त्यांनी सारस घेतला. ती म्हणाली, असं कसं होईल, तू नीट विचारलं नसशील."

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. तो मेला कुठेही खोटं बोलला नव्हता.

सहा हात वर गेले. त्याचा सगळ्यात शेवटी. त्यांच्या मागे भिंतीवर आमचा सारस होता, पंख पसरलेला. रंग अगदी बरोबर जमलाय त्यांना. माझा वेळ संपल्याची घंटी मी आधीच ऐकली होती, तरी मी तिथेच उभी होते. लेनने कोपर धरून खुर्चीवर नेऊन बसवलं.

१२ मार्च

जोलीन सकाळी शाळेत जाण्याआधी आली. कोट न काढता बसली.

"आई, ओमाहाच्या शाळेने बोलावलंय. ऑगस्टपासून."

"एका रात्रीत?"

तिने मान हलवली. "दाढ कुठे होती, आई."

मला समजायला वेळ लागला. निळं जाकीट. तीन तासांचा रस्ता. न सुजलेला गाल. शेजारच्या बाईची गोष्ट असती तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

"गेल्याच वर्षी घेत होते ते मला. मी नको म्हटलं. म्हटलं, आईची निवडणूक होऊ दे. कदाचित तिचंच बरोबर असेल."

लेन खिडकीपाशी उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्यावर ओरडले, जे तोंडाला येईल ते बोलले, आणि बोलता बोलता रडायलाच आलं. जोलीन उठली, मला धरलं, आणि घड्याळ बघून म्हणाली, "जाते. पोरं येतील." अजून अडीच महिने तिला ती पोरं होती.

कालच्या बैठकीत मी काय गमावलं ते मला कळलं होतं असं वाटत होतं. नव्हतं कळलं.

१ जून

शाळेचा लिलाव झाला. बुटक्या खुर्च्या, खडूचे फळे, घंटा. डुएनने घंटा घेतली आणि गाडीत टाकून न बोलता निघून गेला. मंडळाने गावासाठी म्हणून व्यायामशाळेतला एक रंगवलेला सारस ठेवलाय. तो कुठे लावायचा ते कुणाला सुचेना. सध्या अग्निशमन बंबाच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलाय.

लेन पोरांचे कोट अडकवायच्या खुंट्यांची फळी घेऊन आला. माझ्या कमरेइतक्या उंचीवर असायची ती. मी म्हटलं, घरात कोण अडकवणार यावर? त्याने स्वयंपाकघराच्या दारामागे ती ठोकली, तेवढ्याच खाली.

४ ऑगस्ट

गेल्या. गाडीत मागे टेसा, मांडीवर रजई. जोलीनने आरसा नीट केला, परत नीट केला, मग उतरली आणि मला मिठी मारली. म्हणाली, "तू मुद्दाम नाही केलंस." एवढं बोलून गेली. मुद्दाम केलं असतं तर कदाचित नीट केलं असतं.

टेसाने काचेतून पंख हलवले.

लेन उद्यापासून आपल्या गावची लहान पोरंही मॅडॉकला नेऊन सोडणार. आता अंधारात निघावं लागेल. त्याच्या डब्याची तयारी केली आणि मग डब्यात काय घातलं ते आठवेना म्हणून परत उघडून बघितलं.

२७ ऑगस्ट

टेसाचा फोन आला. नव्या शाळेचं चिन्ह वादळ आहे म्हणे. प्राणी नाही, पक्षी नाही, वादळ. "आजी, वादळाचा पोशाख कसा शिवतात?"

म्हटलं, मला नाही माहीत बाळा.

६ सप्टेंबर

आज मॅडॉकहून कोणा मुलीच्या आईचा फोन आला होता. सारसाचा पंख उसवलाय, आणि सामना संध्याकाळी आहे. तुम्हीच शिवलाय ना तो, येता का? नाही म्हणणार होते. सुईदोरा घेऊन गेले.

पोशाख घालणारी मुलगी चौदा-पंधराची, पायात लाल बूट, जुन्या गव्याच्या दिवसांतले. मी टाके घालत होते तेव्हा ती म्हणाली, "आमचा सारस किती जुना आहे हो?"

"जुना आहे," मी म्हणाले. तिला मान कशी वाकवायची ते दाखवलं. टेसा करते तशी. पहिल्याच झटक्यात जमलं तिला.

मग लेनची बस परत निघेपर्यंत थांबायचंच होतं, म्हणून बाकावर जाऊन बसले. अख्खं मैदान निळं. सामना चांगला झाला असावा, मी नीट बघितला नाही. आपल्या गावचे मोजके आले होते, तेही पांगून बसलेले. वेन्डेलने लांबून टोपी काढली. मी मान हलवली.

शेजारी एक बाई बसली होती, पोरसवदा, मॅडॉकची. चांगली होती बिचारी. तिने अर्धं ब्लँकेट माझ्या गुडघ्यांवर टाकलं, मक्याच्या लाह्या पुढे केल्या, आणि बाकावर सगळे सगळ्यांना विचारतात तेच विचारलं, "तुमचं कोण आहे इथे?"

मी मैदानाकडे पाहिलं. लेन फाटकाजवळ बसच्या दाराला टेकून उभा होता. गोलच्या कडेला सारस मान वाकवून नाचत होता आणि लहान पोरं त्याच्याभोवती हात पसरून धावत होती.

"तो सारस," मी म्हणाले.

"अय्या, हो? आत तुमची नात आहे?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, छान नाचते. मी म्हटलं, हो, लहानपणापासून.